ट्रॉम्बे-डहाणूचे कोळसा संच बंद केले तर मुंबईचं 'बेट' कशावर तगणार?

अखंडपुरवठा (धागाकर्ता)

मुंबईची विजेची मागणी मे २०२४ मध्ये ४,३०० मेगावॅटच्या घरात गेली. शहराला थेट जोडलेली निर्मिती मात्र ट्रॉम्बे ९३० (५०० आणि २५० कोळशावर, १८० गॅसवर), डहाणू ५०० आणि खोपोली-भिवपुरी-भिरा इथलं जलविद्युत ४४७, अशी १,८७७ मेगावॅट आहे. बाकीची वीज कळवा, पडघा, खारघरच्या बाजूने तारांवरून येते.

माझं म्हणणं असं, की हे कोळसा संच इतक्यात बंद करू नयेत. बाहेरची ग्रिड कोसळू लागली की मुंबई तिच्यापासून तुटून स्वतःच्या संचांवर उभी राहावी, यासाठी बेटव्यवस्था आहे. ती तगते की बुडते हे पहिल्या सेकंदातच ठरतं.

हिशेब करून पाहा. बेट तुटताना आत १,८०० मेगावॅट भार आणि १,००० मेगावॅट निर्मिती आहे असं धरा. फिरत्या संचांची क्षमता १,२०० एमव्हीए (मेगावॅटसारखंच क्षमतेचं माप), जडत्व (फिरत्या रोटरमध्ये साठलेली ऊर्जा पूर्ण क्षमतेने किती वेळ पुरेल) ४ सेकंद. तूट ८०० ची. वारंवारिता (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, एरवी ५०) सेकंदाला ४ हर्ट्झहून जास्त वेगाने घसरते, म्हणजे ५० वरून ४७.५ ला यायला फक्त ०.६ सेकंद. रिलेला (वारंवारितेवर नजर ठेवणाऱ्या यंत्राला) मोजायला आणि ब्रेकरला उघडायला मिळून ०.१५ ते ०.२ सेकंद जातात. एवढ्या वेळात ८०० मेगावॅटचे फीडर (वस्त्यांना वीज नेणाऱ्या वाहिन्या) अचूक तोडायचे. एक टप्पा चुकला तरी संच स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतात.

तेच आत १,५०० मेगावॅट निर्मिती (१,७५० एमव्हीए) फिरत असेल तर तूट ३०० ची आणि घसरण सेकंदाला १ हर्ट्झच्या आसपास. दोन सेकंदांहून जास्त वेळ मिळतो. हा वेळ कोळसा संचांचं जड रोटर देतं.

सौरकिरण

गणित बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास हे सगळे संच होते. ४०० केव्हीची एक वाहिनी दुरुस्तीसाठी बंद होती, पाठोपाठ बाकीच्या ट्रिप होत गेल्या आणि बेट बुडालं. का? कारण त्या वेळी आत *चालू* असलेली निर्मिती भाराच्या मानाने कमी होती. बाहेरची वीज स्वस्त असेल तेव्हा महाग संच कमी भारावर किंवा बंदच ठेवले जातात. बंद संचाचं जडत्व शून्य, आणि थंड संच पेटवून ग्रिडला जोडायला कित्येक तास लागतात.

२०२० नंतर परिस्थितीही बदलली आहे. खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, तिने साधारण १,००० मेगावॅट आणण्याची सोय केली. कुडूस-आरे ही ८० किलोमीटरची एचव्हीडीसी (उच्च दाबाची एकदिश वीज नेणारी) जोडणी आणखी १,००० मेगावॅटची. दर वर्षी कोळसा जाळून विमा उतरवण्यापेक्षा तारा पक्क्या करा.

अखंडपुरवठा

या दोन्ही तारांची बाहेरची टोकं एकाच पश्चिम ग्रिडला बांधलेली आहेत, हे विसरू नका. वाहिनी तुटली तर दुसरी वाहिनी कामाला येते. कुडूसलाच वीज नसेल तर एचव्हीडीसी आरेला काय आणणार? बेटव्यवस्था त्या दिवसासाठी आहे. संच चालू नव्हते हा तुमचा आक्षेप मात्र मान्य. नुसते संच असून भागत नाही, ग्रिड ताणलेली असेल त्या दिवशी ते किमान भारावर फिरत ठेवण्याचं बंधन हवं. २५० च्या संचाचा ५५ टक्के किमान भार म्हणजे १३७ मेगावॅट.

चेंबूर_पूर्व

आणि त्या १३७ मेगावॅटचा धूर कुणाच्या छातीत? माहुल, चेंबूर, ट्रॉम्बे. ट्रॉम्बेच्या ५०० च्या संचाला गंधक शोषणारी यंत्रणा आहे हे माहीत आहे, पण ती नायट्रोजनचे ऑक्साइड थांबवत नाही.

सौरकिरण

@चेंबूर_पूर्व, तुमच्याच बाजूचा असलो तरी एक दुरुस्ती करतो. माहुलच्या प्रकरणात हरित लवादाने २०२० मध्ये दंड लावला तो दोन तेल कंपन्यांना आणि दोन रसायन-साठवण कंपन्यांना. तिथला वासाचा आणि बाष्पांचा त्रास वीजकेंद्र बंद करून जाणार नाही. दोन्हींसाठी वेगवेगळं भांडावं लागेल.

पन्हळ

जलविद्युतचा उल्लेख ओझरता झाला, खरी किल्ली तिथे आहे. खोपोली १९१५ पासून, भिवपुरी आणि भिरा विसाच्या दशकापासून चालू आहेत. पाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून येणारं पाणी, झडप उघडली की काही मिनिटांत संच भारावर. सगळं अंधारात गेल्यावर पुन्हा उभं राहण्यासाठीही हेच लागतात. कोळसा संचाला स्वतःचे पंखे आणि बॉयलरचे पंप फिरवायलाच कित्येक मेगावॅट बाहेरून लागतात, आणि ती पहिली वीज घाटावरून येते.

भिऱ्याचा १५० मेगावॅटचा संच पाणी वर उपसूही शकतो. दिवसा स्वस्त सौर विजेवर उपसा, संध्याकाळी खाली सोडा. भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८०० मेगावॅटच्या उदंचन (पाणी वर उपसून साठवणाऱ्या) प्रकल्पांसाठी २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार झाला. ते उभे राहिले तर ट्रॉम्बेचा कोळसा निश्चिंतपणे सोडता येईल, असं माझं ठाम मत आहे.

मावळखोरं

निश्चिंतपणे? ते पाणी भीमेच्या खोऱ्यातलं आहे. नैसर्गिकपणे पूर्वेला जाणारं पाणी वळवून कोकणात सोडलं जातं. धरणाखाली जमिनी गेल्या म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. मुंबईच्या दिव्यांची किंमत तेव्हापासून मावळ मोजतो आहे. उदंचनात तेच पाणी वर-खाली फिरतं, नवं वळवावं लागत नाही, म्हणून माझा त्याला सरसकट विरोध नाही. पण वरचा नवा जलाशय कुणाच्या गायरानात आणि कुठल्या जंगलात, हे करारावर सही होण्याआधी गावाला कळलं पाहिजे.

पन्हळ

मान्य. 'निश्चिंतपणे' हा शब्द मागे घेतो.

दरपत्रक

पैशाचं कुणी बोललं नाही. संच चालो वा न चालो, स्थिर आकार (संच उभा ठेवण्याचा खर्च) ग्राहक देतोच. निव्वळ हिशेबापुरतं, ट्रॉम्बेच्या ७५० मेगावॅट कोळसा क्षमतेला मेगावॅटमागे वर्षाला १ कोटी धरा, ७५० कोटी झाले. मुंबईचा सरासरी भार २,५०० मेगावॅट धरला तर वर्षाला सुमारे २,१९० कोटी युनिट. युनिटमागे ३४ पैसे. याउलट उपनगरांसाठी राजस्थानातून ७०० मेगावॅट सौर-पवन वीज ३ रुपये २४ पैशांनी करारबद्ध आहे. आयात कोळसा भडकला की इंधन समायोजन आकार बिलात येतो तो वेगळा.

हे ३४ पैसे बॅटरीला द्यावेत. ३०० मेगावॅट, दोन तास, म्हणजे ६०० मेगावॅट-तास. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ५ बसतात, म्हणजे १२० कंटेनर. ट्रॉम्बेच्याच आवारात, तिथल्याच स्विचयार्डला जोडून.

अखंडपुरवठा

बॅटरीला विरोध नाही, दोन अटी आहेत. एक, इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज आणि वारंवारिता उभी करणारा हवा. ग्रिडच्या मागे चालणारा स्वस्त इन्व्हर्टर बेटात ऐन वेळी डोळे मिटतो. दुसरी अट पैशाची, म्हणून तीच मोडली जाईल. बॅटरी संध्याकाळच्या महाग तासांत पूर्ण विकून टाकली आणि रात्री दहाला ग्रिड गेली, तर १२० रिकामे डबे उरतात. निदान १५० मेगावॅट-तास कायम राखीव हवेत. त्यातून अर्धा तास निघतो, तेवढ्यात घाटावरचे संच भारावर येतात.

गच्चीवरचा

सोसायट्यांच्या छतांचं काय? ३,००० चौरस फुटांची गच्ची, टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून निम्मी मोकळी, १५ किलोवॅट बसतं. वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ६० युनिट, जुलैत बरीच कमी. सामायिक वापरासाठी केंद्राचं अनुदान किलोवॅटमागे १८,०००. लिफ्ट आणि पंपाचं बिल बरंच उतरतं. सांगाडा गरम जस्तलेपाचाच घ्या, खाऱ्या हवेत रंगवलेलं लोखंड टिकत नाही.

दरपत्रक

बिलासाठी उत्तम. पण लाइट गेली की ग्रिडला जोडलेली ही पॅनेलही सुरक्षेसाठी बंद होतात. बेट तुटताना वारंवारिता घसरली आणि हजारो छतं एकदम सुटली, तर धागाकर्त्याची ८०० ची तूट आणखी वाढेल. इन्व्हर्टर बसवतानाच त्याची कमी-वारंवारितेची मर्यादा बेटव्यवस्थेच्या रिलेंच्या खाली आहे ना, हे तपासून घ्या.

भांडुप_जलवाहिनी

बेटात कोणता भार धरायचा हेही ठरवा. लोकल आणि रुग्णालयं सगळ्यांना आठवतात. मुंबईसाठी पाणी उपसणारं पांजरापूर मात्र भिवंडीच्या बाजूला, शहराच्या बेटाबाहेर आहे. तिथली वीज गेली की ट्रॉम्बे चालू असो वा बॅटरी भरलेली, नळाला पाणी कमीच येणार. तिथल्या पंपांसाठी वेगळा पुरवठा कुठून आणायचा, यावर कुणी लिहील का?