पोटऱ्या दुखतात म्हणून चालणं बंद करू नका
दादा, तुम्ही वर लिहिलंय की वडलांच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, चालल्यावर पोटऱ्या भरून येतात म्हणून आता घरीच बसवलंय, तर तेवढं करू नका खरंच. आमच्या अण्णांचं पण असंच झालेलं, कोल्हापुरात रंकाळा तलावावर शंभरेक पावलं गेले की कट्ट्यावर बसून पोटरी दाबत राहायचे. फिजिओच्या मॅडमनी सांगितलं, चांगलं दुखेपर्यंत चालायचं, मग थांबायचं, कळ पूर्ण गेली की परत उठायचं, असं थांबत थांबत ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातनं निदान ३ दिवस आणि १२ आठवडे तरी नेटानं. त्यानं अरुंद झालेली रक्तवाहिनी मोकळी होत नाही, पण स्नायू मिळेल तेवढा ऑक्सिजन नीट वापरायला लागतात म्हणून अंतर वाढतं. अण्णा आता तलावाकाठच्या संध्यामठापर्यंत न बसता जातात, पहिल्यांदा गेले त्या दिवशी फोन करून सांगितलं मला!

सुरू करायच्या आधी हृदयाची तपासणी मात्र कराच, चालताना छातीत दुखलं तर लगेच थांबवा. तंबाखू, बिडी सुटलीच पाहिजे. आणि रात्री झोपेत पाय दुखत असेल किंवा बोटाला जखम भरत नसेल तर चालवत बसू नका, लगेच डॉक्टरकडं न्या.