ऑडिटच्या कामासाठी लॅपटॉप: १४ इंची की १६ इंची?

रकानेमोजणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. ऑफिसकडून नवा लॅपटॉप मिळणार आहे आणि कधी नव्हे ते मला विचारलंय, कोणता हवा म्हणून. प्रोसेसर वगैरे वरूनच ठरलेलं आहे, त्यात आपल्याला कोणी विचारत नाही. निवड आहे ती आकाराची आणि बांधणीची.

काम ऑडिटचं. म्हणजे बरेच दिवस दुसऱ्यांच्या ऑफिसात, मिळेल त्या टेबलाच्या कोपऱ्यावर. एक्सेल दिवसभर उघडं, शेजारी पीडीएफ. प्रवासात थोडंफार टायपिंग. सध्याचं धूड १५.६ इंची आहे आणि खांद्याने आता तक्रार सुरू केली आहे. १४ घेतला तर डोळे जातील, १६ घेतला तर खांदा, अशा कात्रीत सापडले आहे. शिवाय नंबरपॅड सोडवत नाही. वापरणाऱ्यांनी सांगा.

रात्रपाळी

१६. विषय संपला. एक्सेलवाल्याने १४ घेणं म्हणजे स्वतःचा छळ. खांदा दुखत असेल तर पाठीवरची सॅक घ्या.

तिरकी रेघ

रात्रपाळी, इतक्यात संपवू नका. :)

इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. त्यावरून पडदा किती उंच आहे ते कळतच नाही, आणि कागदपत्रांच्या कामात उंचीच लागते. तुमचा जुना १५.६ इंची बहुतेक १६:९ प्रमाणाचा (रुंदी १६ भाग, तर उंची ९) असणार. त्याचा पडदा साधारण ३४.५ सेमी रुंद आणि १९.४ सेमी उंच. आजचा १४ इंची १६:१० घेतलात तर उंची १८.८ सेमी. म्हणजे उंचीत अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास फरक, रुंदी मात्र चार सेंटिमीटरहून जास्त कमी. ३:२ प्रमाणाचा १३.५ इंची तर १९ सेमी उंच असतो, आकड्याने लहान असून १४ पेक्षा किंचित उंचच.

उलट १६ इंची १६:१० ची रुंदी तुमच्या जुन्याइतकीच, ३४.५ सेमी, आणि उंची २१.५. त्यामुळे '१५ वरून १६ वर गेलो' म्हणणाऱ्याला रुंदीत काही मिळत नाही, जे मिळतं ते खाली-वर. वाईट नाही, पण ते काय आहे हे माहीत असावं.

१४ इंचीत अजूनही काही १६:९ वाले सापडतात, ते टाळा. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० असला की १२५ टक्के स्केलिंगला (म्हणजे सगळं सव्वापट मोठं करून) एक्सेलच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात. दिवसभर स्क्रोल करणाऱ्याला त्या चार-पाच ओळींचं मोल कळतं.

मधली कळ

नंबरपॅडबद्दल कोणीतरी कडू बोलायलाच हवं. लॅपटॉपला नंबरपॅड असला की अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात, बहुतेकदा टचपॅडही त्यांच्याबरोबर सरकतो. पडद्याचा मध्य एकीकडे, तुमच्या हातांचा मध्य दुसरीकडे. मग माणूस नकळत अंग वळवून बसतो. तुमची खांद्याची तक्रार निव्वळ वजनाची आहे का, हे एकदा बसण्याची पद्धत बघून ठरवा.

आकडे भरायचे तेव्हा वेगळा यूएसबी नंबरपॅड लावा. तळहाताएवढा असतो, आणि हवा तर डाव्या हाताला ठेवता येतो, उजवा हात माऊसवर मोकळा.

नंबरपॅडपेक्षा महत्त्वाची गोष्ट: पेज-अप आणि पेज-डाऊन कुठे आहेत ते बघा. एक्सेलमध्ये शीट बदलायला कंट्रोल आणि पेज-डाऊन लागतं. ज्या कीबोर्डवर पेज-डाऊन म्हणजे एफएन (Fn) कळ अधिक खालचा बाण असतो, तिथे प्रत्येक शीट बदलताना तीन कळा दाबायच्या. चाळीस शीटची वर्कबुक अशी चाळून बघा, संध्याकाळपर्यंत बोटं शिव्या देतील. बाणांच्या कळाही पूर्ण उंचीच्या हव्यात. वरचा-खालचा बाण अर्धा-अर्धा करून एकाच खाचेत कोंबलेला असला की एक्सेलमधली पेशी (सेल) चुकते.

जुनाट

अवांतराबद्दल माफी, पण हे आकार आले कुठून हे सांगायचा मोह आवरत नाही.

१९८१ चा ऑस्बोर्न १ सुमारे ११ किलोचा होता, पडदा ५ इंची, आणि त्याला 'पोर्टेबल' म्हणत! घडी घालून पडदा कीबोर्डवर मिटायचा, ही आजची ओळखीची रचना १९८२ च्या ग्रिड कंपासने आणली, तीही मॅग्नेशियमच्या कवचात. कळा मागे आणि पुढे मनगट टेकायला जागा, ही मांडणी रूढ केली ॲपलच्या १९९१ च्या पॉवरबुकने. त्याआधी कळा पार पुढच्या कडेला असत, हात अधांतरी.

पुढे आयबीएमने १९९५ मध्ये थिंकपॅड ७०१ काढला. त्याचा पडदा १०.४ इंची, म्हणून डबा लहान, पण पूर्ण मापाचा कीबोर्ड त्यात मावेना. मग कीबोर्डचे दोन तुकडे केले. झाकण उघडलं की ते सरकून एकत्र यायचे आणि दोन्ही बाजूंनी डब्याबाहेर डोकवायचे. 'फुलपाखरू' कीबोर्ड म्हणायचे त्याला.

यातलं आज उपयोगाचं असं: कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर हे रुळलेलं अंतर. ओळीत १५ कळांची रुंदी धरली तर २८.५ सेमी. डबा याहून अरुंद झाला की कळा आकसायलाच लागतात. १३.५-१४ इंची पडद्याची रुंदी याच्या थोडी पुढे-मागे येते, म्हणून या मापात डोळ्यांचं आणि बोटांचं दोन्हीचं भागतं. त्याखाली गेलात तर हलकं मिळेल, टायपिंग मात्र बोंबलेल.

रात्रपाळी

बरं, कळा पटल्या. पण शेजारी पीडीएफ उघडायची म्हणाल्या आहेत त्या. १४ इंचीत दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावून दाखवा कोणीतरी, भिंगासकट.

तिरकी रेघ

या मुद्द्यावर रात्रपाळी यांच्याशी सहमत. दोन खिडक्यांना १४ अपुरा पडतो. त्यावर उपाय १६ हा नाही, दुसरा पडदा हा आहे. पाऊण-एक किलोचे यूएसबी-सी वाले पोर्टेबल मॉनिटर मिळतात, एकाच वायरीवर चालतात. १४ इंची सव्वा ते दीड किलो धरा, १६ इंची पावणेदोन ते सव्वादोन. म्हणजे मॉनिटर धरून बेरीज १६ इंचीच्या आसपासच जाते, पण ज्या दिवशी नको त्या दिवशी तो घरी राहतो. १६ इंचीचा वरचा भाग घरी ठेवता येत नाही.

बिजागरी

दुरुस्तीच्या बाजूने लिहितो. माझ्या टेबलावर येतात त्यात पडद्यापेक्षा बिजागऱ्या गेलेले बरेच. प्लॅस्टिकच्या खुंटीत पितळेची छोटी आट्यांची नळी बसवलेली असते आणि बिजागरीचा स्क्रू त्या नळीत जातो. बिजागरी कडक झाली किंवा झाकण रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडलं, की नळी खुंटीसकट उपटून येते. मग झाकण उघडताना खालची कड फाकायला लागते. दुकानात बघताना झाकण मधोमध धरून एका हाताने उघडा. बूड उचललं न जाता उघडलं आणि पडदा डुगडुगला नाही तर बिजागरी ठीक. धातूचं कवच असेल तर उत्तम. मॅग्नेशियम मिश्रधातू ॲल्युमिनियमपेक्षा हलका, हाताला मात्र प्लॅस्टिकसारखा लागतो, त्यावर जाऊ नका.

दुसरं, गरम हवा कुठून बाहेर पडते ते बघा. उजव्या कुशीतून येत असेल तर माऊसचा हात दिवसभर शेकत राहील. मागून येणारी बरी. आणि रॅम बोर्डावरच डकवलेली असेल तर नंतर वाढत नाही, हे ऑफिसला आत्ताच सांगून ठेवा.

रकानेमोजणी

वा, इतकं कोणी सांगितलं नव्हतं. पेज-डाऊनचं तर डोक्यातच आलं नव्हतं, मी ती कळ दिवसभर बडवते. आता पडद्याबद्दल: जास्त पिक्सेल घ्यावेत का? चकचकीत की मॅट? आणि चार्जरचं काय, माझा सध्याचा विटेएवढा आहे.

तिरकी रेघ

पिक्सेल वाढले म्हणून रकाने जास्त दिसत नाहीत. २८८० बाय १८०० पडदा २०० टक्के स्केलिंगला लावलात तर जागा १४४० बाय ९०० इतकीच उरते, फक्त अक्षरं कोरीव दिसतात. १४ इंचीवर ४के तर नकोच, बॅटरी खातो. मॅट घ्या, कारण परक्या ऑफिसात खिडकीकडे पाठ करून बसायची वेळ येतेच. उजेड ४०० निट्सच्या (पडद्याच्या उजेडाचं एकक) खाली नको.

चार्जर यूएसबी-सी. १४ इंचीला ६५ वॅटचा पुरतो, नव्या पद्धतीचे गॅन (गॅलियम नायट्राइडचे) चार्जर मुठीत मावतात. जोरदार ग्राफिक्सवाल्या १६ इंचीला बरेचदा वीटच लागते, वजन करताना ती विसरू नका. बॅटरी वॅट-तासांत बघा, ६० च्या पुढे असेल तर बरं. मोठ्या लॅपटॉपांची बॅटरी ९९ च्या आसपास येऊन थांबते, कारण विमानात परवानगीशिवाय सोबत नेता येते ती १०० वॅट-तासांपर्यंतच.

मधली कळ

यूएसबी-सीचे दोन्ही पोर्ट एकाच बाजूला नाहीत ना, तेही बघा. प्लग दर वेळी नेमका टेबलाच्या चुकीच्या टोकाला असतो.

रकानेमोजणी

ठरलं तर मग. १४ इंची, १६:१०, मॅट, नंबरपॅड वेगळा, दुसरा पडदा मागून बघते मिळतो का. शेवटचा प्रश्न: यादीत एक पाठीमागे टेकू लावून उभा राहणारा, टॅबलेटसारखा पर्यायही आहे. दिसायला गोड आहे.

जुनाट

टेबलावर गोड. मांडीवर घेतलात की टेकू मागे, कीबोर्ड पुढे, आणि दोन्हीला पुरेल इतकी लांब मांडी लागते.

रात्रपाळी

मी अजूनही १६ वरच आहे. तुमचा १४ आला की इथे टाका, फोटोत पेज-डाऊनची कळ दिसली पाहिजे.