भारताच्या शांतिसेनेला श्रीलंकेत नेमकं बोलावलं कोणी होतं?

आडवाट:
रशियाच्या कुर्स्क प्रांतात युक्रेनविरुद्ध उत्तर कोरियाचे जवान लढले, हे त्या देशाने एप्रिल २०२५ मध्ये कबूल केलं, तेव्हा 'भाडोत्री' म्हणून आपल्याकडे बरीच टिंगल झाली. पण तेही करारावर बोट ठेवूनच गेले होते, आणि १९८७ साली भारत-श्रीलंका करारावर आपणही. दोन सरकारांच्या सह्या झाल्या म्हणजे लोकांची संमती मिळाली असं होत नाही. कराराच्या दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना देणाऱ्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला. त्यांनी मान चुकवली म्हणून डोकं वाचलं, घाव खांद्यावर बसला. श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या जाफन्यातल्या तमिळांनी जवानांना हार घातले होते खरे, पण ऑक्टोबरात तिथेच लढाई पेटली.

जुनीवही:
तुलनाच पटत नाही. रशियाने शेजाऱ्यावर हल्ला केलाय. श्रीलंकेत यादवी होती आणि तिथल्याच राष्ट्राध्यक्षांनी, जयवर्धनेंनी, आपल्याशी करार केला. १९८८ मध्ये मालदीवमध्ये बंड झालं, तिथले राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी हाक मारली, आपले छत्रीधारी सैनिक आग्र्याहून त्याच रात्री पोचले. तेव्हा कुठे कोणी लोकमत विचारलं? जिंकलं की टाळ्या, अडकलं की 'कशाला गेलात'!

आडवाट:
मालदीवमध्ये काम काय ते ठरलेलं होतं, ते झालं. श्रीलंकेत गेलो शस्त्रसंधी राखायला आणि तमिळ टायगर्स या बंडखोर संघटनेची हत्यारं जमा करून घ्यायला. अडीच महिन्यांत त्यांच्याशीच लढत होतो. काम बदललं तेव्हा ना तिथल्या लोकांना विचारलं, ना इथल्या. पुढे जयवर्धनेंनंतरचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी आपल्याला 'चालते व्हा' म्हटलं, वर टायगर्सना हत्यारंही पुरवली. मग बोलावणं कोणाचं धरायचं?

जुनीवही:
सांगितल्यावर निघालो ना? हाच तर फरक. आणि आज कोलंबोजवळच्या कोट्टेला त्याच जवानांचं स्मारक आहे, श्रीलंकेनेच बांधलेलं.

आडवाट:
लगेच कुठे निघालो? त्यांनी मुदत दिली होती जुलै १९८९ अखेरची, शेवटची तुकडी निघाली मार्च १९९० मध्ये. मद्रासला उतरले तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला फिरकलेसुद्धा नाहीत.

सोनकी:
तुमचं चालू द्या. माझे मामा होते तिथे, महार रेजिमेंटमध्ये. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेले मेजर परमेश्वरन त्याच रेजिमेंटचे. बाराशेच्या आसपास जवान गेले आपले. परत आल्यावर दोन-तीन वर्षं मामा शेताच्या बांधावर ताजी उकरलेली माती दिसली की वळसा घालून जायचे. सुरुंगांची सवय. आणि गावातले लोक विचारायचे, 'कशाला गेला होतात तिकडे?' जणू अर्ज करून गेले होते! दिवाळीला येतो, असं आजीला पत्र टाकलं होतं त्यांनी. त्या दिवाळीत जाफन्यात लढाई ऐन भरात होती.