केल-टेक केएसजी घरासाठी घ्यावी का? मदत हवी आहे

जिनेवाला
मुक्काम ह्यूस्टनजवळ, दुमजली घर, जिन्याचं वळण अरुंद. ग्रीनकार्ड आहे. घरात ठेवायला १२ गेजची शॉटगन घ्यायची आहे. केल-टेक कंपनीच्या केएसजी शॉटगनचे आकडे मोहात पाडतायत: एकूण लांबी २६.१ इंच, नळी १८.५ इंच, काडतुसं साठवायच्या दोन ट्यूबमध्ये ७+७ आणि चेंबरमध्ये (काडतूस जिथून झाडलं जातं ती जागा) १. म्हणजे पावणेतीन इंची १५ काडतुसं. वापर घरात, शिवाय महिन्यातून एकदा रेंज. एवढी क्षमता खरंच कामाची आहे, की नुसतं कागदी कौतुक? कुठे अडकते, तेही सांगा.

छर्राप्रसाद
१५ हा आकडा बाजूला ठेवा. या बंदुकीचा खरा गुण आहे तिची लांबी. साधी ६+१ पंप (पुढची सरकती मूठ, म्हणजे फोरएंड, मागेपुढे ओढून चालते ती) १८.५ इंची नळीसकट ३९ इंचांच्या आसपास जाते. इथे नळी तेवढीच, पण चेंबर मुठीच्या मागे गेल्यामुळे एक फुटाहून जास्त वाचतं. जिन्याच्या वळणावर हा फूट जाणवतो, चौदावं काडतूस नाही.

रिकामं वजन ६.९ पौंड, म्हणजे ३.१ किलो. काडतूस ४५ ते ५० ग्रॅमचं, तेव्हा भरल्यावर पावणेचार किलोच्या पुढे. शिवाय भरायला वेळ लागतो: खालच्या पोर्टमधून एकेक काडतूस, तेही मुठीच्या मागे हात वाकवून. म्हणून १५ कडे 'पुन्हा भरावं लागू नये म्हणून' असं बघा. 'पंधरा झाडायची' असं नको.

आता अडचणी. पहिली आणि सगळ्यात मोठी: अर्धवट पंप. चाप ओढल्यावर फोरएंड पूर्ण मागे आला नाही, तर रिकामं खोळ खाली पडत नाही आणि पुढचं काडतूस त्याच्यावर येऊन बसतं. बुलपपमध्ये (चेंबर मुठीच्या मागे असलेल्या अशा बंदुकीत) फोरएंड अंगाच्या जवळ असतो, त्यामुळे हात नकळत आखडतो. ही बंदूक हळुवारपणा चालवून घेत नाही. मागे ठेचेपर्यंत, पुढे ठेचेपर्यंत.

अडकलीच तर: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, सिलेक्टर (कुठल्या ट्यूबमधून काडतूस यायचं ते ठरवणारी लिव्हर) मधोमध. फोरएंड जोर लावून मागे ओढा, तसाच धरून ठेवा, बंदूक हलवा. खोळ खालून पडतं. पोर्टमध्ये बोट घालून उकरणं शेवटी.

डावरा
सिलेक्टरबद्दल राहिलं. डावी ट्यूब, उजवी ट्यूब आणि मधली जागा. मधे असताना कुठल्याच ट्यूबमधून काडतूस येत नाही, म्हणून चेंबर रिकामं करताना ती जागा सोयीची. पण एक ट्यूब संपल्यावर ही बंदूक आपोआप दुसरीवर जात नाही. लिव्हर तुम्हीच फिरवायची. लिव्हर पूर्ण न फिरता मधेच राहिली, तर पंप करूनही चेंबर रिकामं आणि चाप ओढल्यावर नुसतं 'टक'. घाबरलेल्या माणसाला ते कळायला दोन सेकंद लागतात, आणि तीच महागात पडतात.

सराव असा: डमी काडतुसं, डावीत दोन, उजवीत दोन. दोन झाली की मोजत न बसता लिव्हर, मग पंप. अंगठ्याला जागा अंधारात सापडेपर्यंत रोज दहा मिनिटं. डमी भरताना खोलीत एकही खरं काडतूस नको.

भरतानाही एक खोड: काडतूस रिमपर्यंत आत जाऊन स्टॉप लागला पाहिजे. अर्धवट सोडलं तर ते मागे घसरून अ‍ॅक्शनमध्ये (बंदुकीच्या आतल्या चालत्या भागात) येतं.

खोळ खाली पडत असल्यामुळे डावखुऱ्यांना ही बंदूक वरदान आहे, तोंडावर काही उडत नाही. मात्र आवाज कानाच्या फार जवळ. रेंजवर प्लग आणि मफ दोन्ही घाला.

छर्राप्रसाद
+१. आणि पुढचा हात! बंदूक आखूड, फोरएंड नळीच्या तोंडाजवळ. जोरात पुढे ढकलताना हात घसरला तर थेट नळीच्या पुढे. फोरएंडखालच्या रेलवर उभी मूठ किंवा हँडस्टॉप (हात पुढे घसरू न देणारा अडसर) लावल्याशिवाय ही वापरू नका. बजेटमध्ये रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी साइट) वा साधी साइटही धरा.

काडतूस ००बक (मोठ्या छर्ऱ्यांचं). ५, ७ आणि १० यार्डांवर कागद लावून छर्ऱ्यांचा पसारा मोजा. तुमच्या घरातली सगळ्यात लांब सरळ रेषा पायांनी मोजा आणि तेवढ्याच अंतरावरचा कागद खरा माना. ००बकचे छर्रे अर्धा इंची ड्रायवॉलच्या एकाहून जास्त भिंती सहज पार करतात, तेव्हा पोरांची खोली कुठल्या रेषेत आहे ते आधी बघा.

कलमबहाद्दर
कायद्याचं थोडं. फेडरल कायद्यात शॉटगनची नळी १८ इंच आणि एकूण लांबी २६ इंच ही खालची मर्यादा. एकूण लांबीत केएसजी तिच्या फक्त ०.१ इंच वर आहे! पातळ बटपॅड लावून लांबी कमी झाली, तर नोंदणीशिवाय बाळगणं गुन्हा. मागच्या टोकाला हात लावू नका.

ग्रीनकार्ड असेल तर खरेदीला अडचण नाही, दुकानात भरायचा फेडरल फॉर्म ४४७३ आणि बॅकग्राउंड चेक. पण घरात एच-वन-बीवरचा मेव्हणा किंवा व्हिजिटर व्हिसावर आईबाबा येणार असतील, तर किल्ली किंवा कोड त्यांच्याकडे नको. बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हाही गुन्हा.

नातूबाग
पुण्यात मिळेल का हो अशी?

कलमबहाद्दर
विसरा. २० इंचांहून आखूड नळीची स्मूथबोअर (आतून गुळगुळीत नळीची, शॉटगनसारखी) बंदूक भारतात कडक निर्बंधांच्या वर्गात येते.

जिनेवाला
सगळ्यांचे आभार. बायकोही वापरणार आहे, ती शॉटगनला नवखी. मग?

डावरा
मग साधी पंप, ५+१ किंवा ६+१. किंमत कमी, सिलेक्टर नाही, दोन ट्यूबचं गणित नाही. वाचलेल्या पैशात २५० सरावी काडतुसं आणि एक तिजोरी. दस्ता लांब वाटला तर आखूड दस्ता बसवा, पण एकूण लांबी २६ च्या वरच राहू द्या. घरी ठेवताना ट्यूब भरलेली, चेंबर रिकामं. दोघांनीही केएसजी रेंजवर भाड्याने किमान पन्नास काडतुसं चालवून बघा. त्यात दोनपेक्षा जास्त वेळा अर्धवट पंप झाला, तर तिचा नाद सोडा.

जिनेवाला
शनिवारी रेंजवर दोन्ही बंदुका भाड्याने घेतो. अर्धवट पंप किती झाले ते इथेच लिहितो.