१० बाय ११ ची खोली, १५ हजार बजेट: पखवाजासाठी कोणता सबवूफर घ्यावा?

मृदंगाची लेक:
नमस्कार मंडळी. बाबांसाठी विचारतेय. बाबा चाळीस वर्षं गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि डाव्या हातातला जोर गेला. आता आमच्याकडे धायरीला असतात. वाजवणं थांबलं, पण ऐकणं सकाळी सहापासून सुरू असतं. भजनं, ध्रुपद, पखवाजाचं एकल वादन.

त्यांच्या खोलीत पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेल्या) बुकशेल्फ स्पीकरची जोडी आहे, चार इंची वूफरची. गळा आणि टाळ छान ऐकू येतात. पण बाबांचं एकच म्हणणं: "डावी पुडी कुठंय? कणीक वाळल्यासारखा वाजतोय." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या चामडी तोंडाला, वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, त्यानेच तो खोल आवाज येतो. लहानपणी ती कणीक मीच मळून द्यायचे, म्हणून ते वाक्य मला फार लागलं.

खोली १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ. पलंगाचं डोकं भिंतीला, समोर लोखंडी कपाट, बाजूला सरकत्या काचांची खिडकी. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम, घरात तान्हं बाळ. एका दुकानात जाऊन आले. एका सबवूफरच्या खोक्यावर "१०,००० वॅट पीएमपीओ" लिहिलेलं होतं, दुकानदाराने गाणं लावलं तर काउंटर हादरलं. पण मी बाबांची क्लिप लावायला सांगितली तेव्हा पखवाजाचा "धा" हा बोल असो वा "ग", सगळा एकच धप्प आवाज. परत आले.

म्हणून सबवूफर, म्हणजे फक्त खोल आवाजाचा वेगळा स्पीकर, घ्यायचाय. आठ इंची घेऊ की दहा इंची? ठेवू कुठे? आणि शेजाऱ्यांना त्रास न होता हे जमेल का?

सिनेमावेडा_नाशिक:
दहा इंची घ्या, डोळे झाकून. पोल्क कंपनीचा पीएसडब्ल्यू१० बघा, मी सात वर्षं वापरतोय. आज पखवाज ऐकाल, उद्या सिनेमे बघाल, तेव्हा आठ इंची कमी पडेल.

जुना_अँप्लिफायर:
ताई, दहा इंचीची घाई करू नका. मी बावीस वर्षं अँप्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करतोय. लहान खोलीतलं नव्वद टक्के रडगाणं "बेस कमी आहे" असं नसतं, "घुमतंय" असं असतं.

आधी खोलीचं गणित बघू. ५६५ ला भिंतींमधल्या फुटांनी भागा, म्हणजे ती खोली कोणत्या सुरावर घुमते ते कळतं. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याचा निम्मा हा आकडा. तुमच्या ११ फुटांचे येतात ५१ हर्ट्झ, १० फुटांचे ५६, साडेनऊ फूट उंचीचे ५९. तिन्ही मापं जवळजवळ सारखी, त्यामुळे तिन्ही घुमणी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत. खोली लांबट असती तर ती पांगली असती. ५० ते ६० च्या पट्ट्यात काहीही वाजलं की तुमची खोली ते धरून ठेवणार, आणि "धा", "ग", "धूम" सगळ्यांना एकाच रंगात बुडवणार. दुकानात ऐकलेला धप्प आवाज तुम्ही घरीही आणू शकता, अगदी भारी सबमधूनसुद्धा (सब म्हणजे सबवूफर).

आता गरज काय ते बघा. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला वाजते. बाबांच्या ऐकण्यात त्याखाली फार थोडं असतं. सिनेमातला स्फोट २५-३० पर्यंत उतरतो, तो तुम्हाला नकोय. हे महत्त्वाचं का, तर आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली न्यायचा तर स्पीकरच्या कोनला (पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याला) चौपट हवा हलवावी लागते. ८० वरून ४० ला जायचं तर चौपट, २० ला जायचं तर सोळापट. सगळा पैसा त्या खालच्या टोकाला जातो. तुमचं काम ५० च्या वरचं, ऐकणारा माणूस सहा फुटांवर. आठ इंची भरपूर झाला.

पीएमपीओ वाचूच नका, त्याला कसलंच ठरलेलं मोजमाप नाही. खोका उलटा करून मागच्या पत्र्यावर वीज किती खातो ते वाचा. जो डबा प्लगमधून ६० वॅट घेतो तो हजार वॅट सतत कुठून देणार? आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, ५० ते ७० वॅट असेल तर तुमच्या खोलीला पुरे. यामाहाचा एनएस-एसडब्ल्यू०५० किंवा एडिफायरचा टी५, दोन्ही आठ इंची, या वर्गातले आहेत. किंमत तुमच्याकडे दुकानात विचारून घ्या, रोज बदलते. आणि जुना चांगला मिळाला तर जरूर घ्या. फक्त कोनच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून बघा, भुगा निघाला तर सोडून द्या.

एक सांगा, तुमच्या स्पीकरच्या मागे "सब आउट" लिहिलेलं भोक आहे का? नसेल तर सबला स्पीकरच्या वायरी जोडायची सोय असलेलाच घ्यावा लागेल, आणि पॉवर्ड जोडीवर ते कुठून काढायचं हे आधी ठरवावं लागेल. दुकानात जाण्याआधी एवढं नक्की बघा.

मृदंगाची लेक:
दादा, आहे. टॉर्च लावून बघितलं, सब आउट लिहिलंय. आता जागेचं सांगा ना.

जुना_अँप्लिफायर:
मग निम्मं काम झालं. जागेसाठी सब आधी बाबांच्या उशाशी, पलंगावरच ठेवा. हो, खरंच पलंगावर. त्यांची ओळखीची क्लिप लावा आणि तुम्ही जमिनीलगत कान नेत खोलीभर हळूहळू फिरा. जिथे डावीचे बोल एकमेकांपासून वेगळे ऐकू येतील, ती सबची जागा. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येईल, त्याला भुलू नका. कोपरा तिन्ही घुमणी एकदम चाळवतो.

दुसरं म्हणजे पलंगाचं डोकं भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा. भिंतीलगत खालचा सूर सगळ्यात जास्त साचतो, बाबांचे कान नेमके तिथे आहेत. उलट बरोब्बर खोलीच्या मधोमधही नको, तिथे तोच सूर पार नाहीसा होतो.

क्रॉसओव्हरचं बटण (कोणत्या सुराखालचं सबने वाजवायचं ते ठरवणारं) ८० हर्ट्झच्या आसपास. फेजचा खटका (सबचा कोन स्पीकरच्या जोडीने हलतो की उलटा, ते बदलणारा) शून्य आणि १८० वर करून बघा, ज्यात पखवाज भरीव वाटेल तो ठेवा. आवाज मात्र अगदी खालून, एकेक रेघ वाढवत. सब बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटावं, पण चालू असताना "हा सब वाजतोय" असं वेगळं जाणवू नये, तिथे थांबा.

डब्याला हवेचं भोक असेल आणि तरी घुमलं, तर त्यात मोज्याची घट्ट गुंडाळी बसवून बघा. बंद डब्याचा बेस खाली हळूहळू उतरतो, भोकवाल्याचा एकदम कोसळतो. लहान खोली खालचे सूर स्वतःच थोडे उचलते, म्हणून हळू उतरणारा तिथे सरळ ऐकू येतो.

ठाणे_तिसरा_मजला:
शेजाऱ्यांबद्दल. सबखाली वॉशिंग मशीनला लावतात ते जाड रबरी पाय ठेवा, ते कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. त्याने लादीतून जाणारी थरथर खूप कमी होते. हवेतून जाणारा आवाज थांबत नाही, चार इंची विटेची भिंत तो अडवत नाही. म्हणून सब समाईक भिंतीला टेकवू नका. आणि एकदा शेजाऱ्यांच्या खोलीत जाऊन स्वतः उभं राहून ऐका. आम्ही तसं केलं, त्यांनीच सांगितलं कुठवर चालेल, बटणावर पेन्सिलने खूण केली.

सबमधून हूं असा आवाज आला तर आधी सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा. आमच्याकडे तीच होती.

मृदंगाची लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन शनिवार घालवले. आठ इंची, ५० वॅटचा, जुना पण फोम शाबूत असलेला मिळाला, साडेसात हजाराला.

पलंगावर ठेवून मी जमिनीवर फिरले. कोपऱ्यात खरंच सगळं एक झालं. खिडकी आणि कपाट यांच्या मध्ये, भिंतीपासून हातभर पुढे, तिथे "धेत्" आणि "धा" वेगळे झाले. पलंग पावणेदोन फूट ओढला. मग कपाट खडखडायला लागलं! दाराच्या फटीत घडी केलेला पुठ्ठा खोचला, वरची स्टीलची पेटी उतरवली, तेव्हा शांत झालं. मोजाही लावला, फरक लगेच कळला. शेजारच्या वहिनींकडे जाऊन ऐकलं, बाळ झोपलेलं होतं, झोपूनच राहिलं. खूण केली.

बाबांना काही न सांगता त्यांचं आवडतं चौताल तालातलं वादन लावलं. दोन आवर्तनं गप्प होते. मग डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आत्ता कुणी लावली कणीक?"

दादा, एक शंका राहिली. उंच सुरातली भजनं लागली की क्रॉसओव्हर ८० वर ठेवल्याने गळा किंचित जड वाटतो. ७० वर आणू का?

जुना_अँप्लिफायर:
आणा. तरी जड वाटला तर सबचा आवाज एक रेघ कमी करा, बटण पुन्हा ८० ला न्या, आणि दोन्हीतलं बाबांना कोणतं आवडतं ते विचारा.