मे महिन्यात ठोसेघर? नको हो!

एका ताईंनी सुट्टीत मुलांना साताऱ्याजवळच्या ठोसेघर धबधब्याला न्यायचं म्हटलंय. अहो, मे महिन्यात तिथं नुसता कडा बघून यायचं, पाणी पावसाळ्यात! त्यापेक्षा वाईजवळचं मेणवली गाठा. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, आणि मराठ्यांच्या १७३९ च्या विजयानंतर वसईहून आलेली ती भलीमोठी पोर्तुगीज घंटा.

आमच्या धाकट्याचा पहिला दात त्याच घाटावर पडला, तिखटमीठ लावलेली कैरी चावताना. कृष्णामाईला देऊ म्हटलं तर पठ्ठ्या मूठच उघडेना! थोरलीच्या दहावीच्या निकालाला गुणांपेक्षा कंदी पेढ्यांच्या वाटणीवरूनच भांडणं जास्त. दोन्ही सोहळ्यांच्या फोटोंत मी कुठेच नाही, काढणार कोण?

आणि हो, सकाळीच जा. उन्हं चढली की पायऱ्या चटके देतात.