सव्वातीन तास बटाटे सोलणं बघायचं, याला सिनेमा म्हणायचं?

तिरकसराव: बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमान यांचा 'जान दिएलमान' पाहिला. १९७५चा, २०१ मिनिटांचा. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०२२च्या समीक्षकांच्या मतदानात पहिला आला, म्हणून बसलो. ब्रुसेल्समधली एक विधवा तीन दिवस स्वयंपाक करते, भांडी घासते, पलंग आवरते. दुपारी पैसे देणारे पुरुष येतात, पण ते बहुतेक बंद दाराआड. कॅमेरा जागचा हलायला तयार नाही.

लांबीचं सोडा. कंटाळा आला म्हटलं की भक्तमंडळी म्हणतात, "तोच तर हेतू!" म्हणजे आवडला तरी थोर, नाही आवडला तरी थोर. मग फसलेला प्रयोग ओळखायचा कसा?

खिडकीजवळ: दुसऱ्या दिवशीची दुपार आठवा. गिऱ्हाईक जातं आणि बटाटे जास्त शिजलेले निघतात. ती पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवावं तेच सुचत नाही. तोवर तिचा दिनक्रम आपल्याला पाठ झालेला असतो, म्हणून तेवढ्यानंच धस्स होतं. ना सूचक संगीत, ना क्लोजअप. पहिला दिवस कापला असता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं त्या पातेल्याकडे.

तिरकसराव: धस्सबिस्स काही झालं नाही. विस्कटलेले केस दिसले, एवढं खरं. पण हे तासाभरात जमलं नसतं?

मधली रांग: या सिनेमापुरतं खिडकीजवळ यांचं पटतं. पण अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचा 'एम्पायर' (१९६४)? आठ तास न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट या एकाच इमारतीवर कॅमेरा! त्यातही चित्रण सेकंदाला २४ चौकटींनी आणि दाखवायचा १६नं, म्हणजे मुद्दाम ताणलेला. दोन्ही एकाच गोणीत भरलेत तर नवखा प्रेक्षक पळणारच.

खिडकीजवळ: 'एम्पायर'चं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. अंधारात इमारतीवरचे दिवे लागतात, ही त्यातली मोठी घटना. त्यासाठी मीही आठ तास बसणार नाही.

तिरकसराव: म्हणजे तिथे कंटाळायची परवानगी आहे, इथे नाही!

खिडकीजवळ: खुशाल कंटाळा हो. फक्त नेमकं काय जमलं नाही ते सांगा.

तिरकसराव: सांगतो. कॅनडाहून आलेलं बहिणीचं पत्र ती एका सुरात, धडा म्हणून दाखवल्यासारखी वाचते. मुलाशी झोपताना होणारं बोलणंही तसंच. हात इतके खरे आणि तोंड उघडलं की पाठांतर. याचं काय?